मापाची पत : छोट्या आगगाड्यांच्या एका जर्मन कारखान्याचा अभ्यास

ह्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, कायदे आणि करपद्धती ह्यांवरील लेख छापण्याची आपल्या संघाची प्रथा आहे. यंदा संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा चाळीस वर्षे धान्याची घाऊक पेढी चालविणारा गृहस्थ गहू-ज्वारीवरच लिहिणार असे सर्वांनी धरून चालणे स्वाभाविक होते. परंतु आम्ही लिहिणार आहोत ते मुलांच्या आगगाडीवर. कित्येक बंधूंस हे वाचून हसू येईल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा एवढीच विनंती; कारण हा विषय पोरखेळ नसून माप, पत, भागीदारी आणि कर्ज ह्या आपल्याच चार गोष्टींचा आहे.

आमचा आणि रुळांचा संबंध जुना. आम्ही मॅट्रिक होऊन बेळगावच्या पेढीवर बसलो, तेव्हा उत्तरेकडील गहू मिरजेपर्यंत रुंद रुळांवरून येई. पुण्याहून मिरजेपर्यंतची लाईन १९७१ च्या सुमारास रुंद झाली होती. मिरजेपासून पुढे बेळगाव-लोंढ्याची लाईन मात्र मीटर गेजच राहिली होती. एका बाजूस रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूस १०००. त्यामुळे प्रत्येक पोते एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावे लागे. हमालांच्या आकड्यांनी बारदान फाटे, धान्य फलाटावर सांडे, आणि बेळगावास माल उतरवून घेताना तूट निघाली की ती कोणी सोसावयाची ह्यावरून आडत्याशी पत्रव्यवहार सुरू होई. १९९० च्या दशकात आमचीही लाईन रुंद झाली आणि हा जाच संपला. दोन मापे जेथे भेटतात तेथे व्यापाऱ्याचा पैसा गळतो, हे आम्ही पुस्तकातून नव्हे, मिरजेच्या फलाटावर शिकलो.

आता मूळ विषयाकडे वळू. आमचा धाकटा मुलगा पुण्यास इंजिनियर आहे. नोकरीनिमित्त जर्मनीस गेला असता त्याने आपल्या मुलासाठी मेर्कलिन नावाच्या कंपनीची आगगाडी आणली. सुटीत आम्ही पुण्यास गेलो, तेव्हा नातवाने ती जमिनीवर मांडून दाखविली. पुढे त्याच नातवास घेऊन कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले. हे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले असून, अशा वस्तूंची आवड असणाऱ्याने ते अवश्य पाहावे. परत आल्यावर त्या जर्मन कंपनीची हकीकत मिळेल तेवढी वाचून काढली, आणि वाचता वाचता वहीत टिपणे होत गेली. तीच येथे मांडीत आहोत.

प्रथम मापाचा हिशेब समजून घ्यावा, म्हणजे पुढील गोष्ट कळेल. ही आगगाडी नुसते खेळणे नसून खऱ्या गाडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती असते. सर्वांत प्रचलित प्रमाण ८७ स एक असे आहे. युरोपातील बहुतेक खऱ्या रुळांत १४३५ मिलिमीटर अंतर असते; त्यास ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. म्हणून ह्या छोट्या रुळांतील अंतर साडेसोळा. ह्या मापास एच-झीरो म्हणतात, म्हणजे शून्य नंबरच्या मापाचे अर्धे. उच्चारात बहुतेक लोक एच-ओ म्हणतात. शून्य नंबरचे अंतर ३२ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या एक नंबरचे ४५. आम्ही कागदावर आपल्या गाड्यांचाही हिशेब करून पाहिला. आपला रुंद रूळ त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरांचा व्हावयास हवा आणि मीटर गेजचा साडेअकरा. बाजारात सहज मिळणारा रूळ साडेसोळाचाच असल्यामुळे आपल्याकडील हौशी मंडळी भारतीय गाड्याही बहुधा त्यावरच चालवितात.

मेर्कलिनची सुरुवात आगगाडीने झाली नाही. दक्षिण जर्मनीतील व्हुर्टेंबर्ग प्रांतात गोपिंगेन नावाचे गाव आहे. तेथे थिओडोर फ्रीड्रिख विल्हेल्म मेर्कलिन हा पत्र्याचे काम करणारा कारागीर होता. १८५९ साली त्याने बाहुलीच्या स्वयंपाकघरासाठी पत्र्याची रंगविलेली भांडी करण्यास आरंभ केला. आपल्याकडे भातुकलीची बोळकी असतात, तसाच हा माल. त्याची पत्नी कारोलिना हा माल घेऊन दक्षिण जर्मनी व स्वित्झर्लंडमधील दुकानदारांकडे स्वतः फिरती करी. त्या काळी बाईमाणसाने नमुन्यांची पेटी घेऊन परगावी ऑर्डरी गोळा करणे ही साधी गोष्ट नव्हती. १८६६ साली पती वारला, मुले लहान होती, तरी ह्या बाईने सुमारे वीस वर्षे धंदा तगवून धरला. पुढे १८८८ साली ऑयगेन व कार्ल ह्या पुत्रांनी भावांच्या नावाने रीतसर पेढी उभी केली. कंपनीच्या इतिहासात पुत्रांचे नाव मोठे आहे; आमच्या मते खरी थोरवी मातेची होय. जी पेढी बुडाली नाही तीच पुढे वाढू शकते, आणि न बुडविण्याचे काम तिने केले.

भातुकलीच्या व्यापारात ह्या कुटुंबाने एक गोष्ट हेरली होती. बाहुलीचे घर एकदाच विकून गिऱ्हाईक संपत नाही. यंदा चूल घेतली की पुढच्या सणास तवा लागतो, त्याच्या पुढच्या वाढदिवसास कपबशा लागतात. मात्र प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूंशी जुळली पाहिजे. १८९१ साली भावांनी एलव्हांगेन गावचा लुट्झ यांचा पत्र्याच्या खेळण्यांचा कारखाना विकत घेतला, आणि त्याच वर्षी लाइप्झिगच्या वसंतातील व्यापारी जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. खेळण्यातल्या आगगाड्या इतरही करीत होते. परंतु मेर्कलिनने रुळांचे सुटे तुकडे, सांधे व इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा मार्ग अशी एक रचनाच पुढे ठेवली आणि रुळांतील अंतरांस नंबर देऊन ती मापे ठरवून टाकली. दुसऱ्या कारखानदारांनीही पुढे तेच नंबर स्वीकारले. यंदा गोल मार्ग घ्यावा, पुढील नाताळात दोन सांधे, मग स्टेशन, मग मालडबे. दहा वर्षांनी घेतलेला रूळ पहिल्या रुळाशी बिनचूक जुळणार.

हे वाचताना आम्हांस आमच्या तीर्थरूपांचे सांगणे आठवले. त्यांच्या उमेदीत गावोगावची पायली निराळी होती. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि नंतरच्या काही वर्षांत शेर-पायली जाऊन किलो आला. पुष्कळ व्यापाऱ्यांनी त्या वेळी कुरकुर केली. वडील मात्र म्हणत की माप एक झाल्यापासून अनोळखी गावाच्या आडत्याकडूनही माल मागविण्याची छाती झाली. मेर्कलिनने सरकारी कायद्याशिवाय हेच केले. त्याने स्वतः मापाचे वचन दिले आणि ते पाळले.

साडेसोळाचे अंतर मात्र त्याचा शोध नव्हे. टेबलावर मावेल अशी गाडी न्यूरेंबर्गच्या बिंग ह्या प्रचंड कारखान्याने १९२२ सालीच काढली होती. पण बिंग स्वतः मंदीच्या फेऱ्यात १९३० च्या दशकाच्या आरंभी मोडला. मेर्कलिनने आपली विजेवर चालणारी टेबलावरील गाडी १९३५ मध्ये आणली. शहरांतील घरे लहान होत चालली होती. एक नंबरच्या गाडीस दिवाणखाना लागे. ह्या गाडीस जेवणाचे टेबल पुरू लागले.

ह्याच साडेसोळा मिलिमीटरांच्या रुळावर इंग्रजांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. इंग्लंडातील खरी इंजिने युरोपच्या इंजिनांहून आकाराने लहान. ८७ स एक ह्या प्रमाणात ती केली तर त्या काळची मोटर आत मावेना. म्हणून तेथील कारखानदारांनी इंजिन ७६ स एक एवढे मोठे केले आणि रूळ तेच साडेसोळाचे ठेवले. १९३८ साली निघालेली लिव्हरपूलची हॉर्नबी डब्लो गाडी अशीच होती. परिणाम असा की आजतागायत तेथील सर्वसाधारण हौशी माणसाची गाडी थोडी रुंद आणि रूळ थोडा अरुंद राहिला आहे. ही चूक आहे हे सर्वांस ठाऊक आहे, परंतु घरोघरी एवढा माल गेल्यावर ती सुधारणार कोण? एकदा बाजारात रुळलेले माप, खरे असो वा खोटे, काढून टाकणे किती कठीण हे धान्यबाजारातील माणसास निराळे सांगावयास नको.

खुद्द मेर्कलिननेही एका बाबतीत मापास मुरड घातली. छोट्या रुळाचे नेहमीचे आवळ वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे आहे. सव्वीस मीटर लांबीचा खरा प्रवासी डबा ८७ ने भागला तर तीस सेंटिमीटरांचा होतो. एवढा लांब डबा त्या वळणावर बाहेर झुकून बेढब दिसतो. म्हणून रुंदी-उंची प्रमाणात ठेवून लांबी तेवढी कमी केली गेली. हे उघडपणे, गिऱ्हाइकाच्या टेबलाकडे पाहून केले होते, ह्यास आम्ही लबाडी म्हणत नाही.

विजेच्या बाबतीत ह्या कंपनीचा हट्ट विशेष आहे. जगातील बहुतेक कारखान्यांनी दोन रुळांतून एकमार्गी वीज खेळविण्याची रीत घेतली; एक रूळ धन, दुसरा ऋण. मेर्कलिनने उलटसुलट वाहणारी वीज व तीन मार्ग ठेविले. दोन्ही रूळ मिळून एक बाजू, आणि दुसरी बाजू मधून. आरंभी मध्ये अखंड तिसरा रूळ असे. १९५० च्या दशकात त्या जागी लहान लहान धातूचे ठिपके आले, त्यांवरून इंजिनाच्या पोटाखालची पट्टी घासत जाते. ह्या पद्धतीचा फायदा असा की मार्ग फिरवून तोच परत त्याला जोडला तरी डावा रूळ उजव्यास भिडून फ्यूज उडत नाही. म्हणजे मुलाने कसाही मार्ग मांडावा. दुसरा मोठा फायदा पतीचा. आजोबांचे इंजिन नातवाच्या रुळावर, थोड्याफार डागडुजीने का होईना, चालू शकते. १९४७ साली कंपनीने स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड मार्गावरील 'मगर' नावाच्या लांब नाकाच्या विजेच्या इंजिनाची प्रतिकृती ह्या मापात काढली. ती आजही जपून ठेवणारी घरे आहेत. त्याच घाटणीची इंजिने आपल्या बोर घाटात गाड्या चढवीत होती. रेल्वेचे कामगार त्यांस खेकडा म्हणत.

१९७२ साली कंपनीने २२० स एक प्रमाणाची, साडेसहा मिलिमीटर रुळाची गाडी काढली आणि तिच्या मापास झेड हे अक्षर दिले. ह्याहून लहान कोणी करणार नाही, म्हणून शेवटचे अक्षर. १९८० च्या दशकात एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालविण्याची अंकीय पद्धतही तिने बाजारात आणली. कारागिरीत ती मागे पडली नव्हती. तरीही ती पडली. का पडली हे पाहण्यासाठीच आम्ही एवढी शाई खर्चिली.

भागीदारी वाढत गेली होती. एमिल फ्रिट्झ भागीदार झाला, साफ्ट घराणेही आले. अशा तीन घराण्यांच्या पुढच्या पिढ्यांत हिस्से वाटले जाऊन मालक पुष्कळ झाले. त्यांतील बहुतेकांचा कारखान्याशी संबंध नफ्याच्या आकड्यापुरता. इकडे मुले दुसऱ्या खेळांकडे वळली. गिऱ्हाईक तेच राहिले, फक्त त्याचे वय वाढले. १९६० मध्ये जो दहा वर्षांचा होता तो २००० मध्ये पन्नाशीचा झाला, त्याच्या हाती पैसा होता, आणि त्यास पाहिजे होती कपाटात ठेवावयाची दुर्मीळ इंजिने. कंपनी त्यास ती पुरवू लागली. एकेका इंजिनाची किंमत शेकडो युरो झाली. दहा वर्षांच्या मुलास परवडणारी पहिली गाडी मागे पडली. नवे मूल आले नाही तर पन्नास वर्षांनी नवा संग्राहक कोठून येणार, हा हिशेब कोणी मांडला नाही; किंवा मांडला असेल तर तो ऐकला गेला नाही.

येथे आमच्या पेढीची एक चूक कबूल करतो. १९९८ साली कोणा सल्लागाराच्या सांगण्यावरून आम्ही आमच्या नावाच्या लहान पिशव्या काढल्या. तांदूळ, रवा, पोहे, डाळी, मिळून तीस-बत्तीस प्रकार, प्रत्येकाच्या तीन वजनांच्या पिशव्या. दुकानदार वाखाणीत, प्रदर्शनात लोक हाताळून पाहत. दोन वर्षांनी वखारीत रव्यास जाळी लागली होती, छापील पिशव्यांचे गठ्ठे तसेच पडले होते, आणि क्विंटलाने माल उचलणारी जुनी गिऱ्हाइके शेजारच्या गाळ्यावर गेली होती, कारण त्यांचा नेहमीचा गहू आमच्याकडे वेळेवर मिळेना. पैसा पिशव्यांत अडकला होता. तो प्रकार आम्ही बंद केला. नुकसान किती झाले ते खतावणीत आहे, येथे लिहीत नाही.

मेर्कलिनचे नुकसान सर्व जगाने पाहिले. २००६ साली त्या घराण्यांनी कंपनी किंग्सब्रिज ह्या ब्रिटिश गुंतवणूकदार संस्थेस विकली. अमेरिकेतील एका मोठ्या बँकेचाही त्यात हिस्सा होता. नव्या मालकांस आगगाडी कळत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांनी व्यवस्थापक मागून व्यवस्थापक बदलले आणि सल्लागारांच्या फीवर लक्षावधी युरो खर्च झाले. २००९ च्या फेब्रुवारीत, न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेच्या ऐन तोंडावर, बँकांनी कर्जाची मुदत वाढविण्यास नकार दिला आणि कंपनीने दिवाळे जाहीर केले. ते कंपनीचे दीडशेवे वर्ष होते.

न्यायालयाने नेमलेले प्रशासक मिखाएल प्लूटा ह्यांनी कारखाना तुकड्यांत विकला नाही. सल्लागारांचे करार त्यांनी थांबविले, मालाचे उत्पादन चालू ठेवले, आणि धनकोंशी तोडगा काढून २०१० च्या अखेरीस दिवाळ्यातून मार्ग काढला. चीनमधील कंत्राटी काम कमी करून ते गोपिंगेन व हंगेरीतील ग्योर येथील स्वतःच्या कारखान्यांकडे परत आणण्याचे धोरण ठेवले गेले. २०१३ साली फ्यूर्थ शहरातील जीबर घराण्याच्या सिम्बा-डिकी ह्या खेळण्यांच्या उद्योगाने मेर्कलिन विकत घेतली. हे घराणे खेळण्यांच्याच धंद्यातले. लहान मुलांसाठी बॅटरीवर चालणारी, हाताळण्यास सोपी व स्वस्त गाडी पुन्हा विक्रीस पुढे आली. आमच्या नातवाची पहिली गाडी ह्याच प्रकारातली.

पाहावे असे येथे एकच. दिवाळ्याच्या काळातही रुळाचे माप बदलले नाही. नवा मालक आला म्हणून नवे अंतर, नवी वीज काढून जुन्या घरांतील रूळ निकामी करण्याचा मोह त्या मालकांस झाला असता तर कंपनी वाचवण्यासारखे काही उरलेच नसते. धनको काय वाटून घेणार होते? यंत्रे आणि साचे. गिऱ्हाईक मात्र घरातल्या त्या रुळांनी बांधलेले होते, म्हणून ते परतले.

ह्या अभ्यासाचे आम्हांस एवढे कारण का पडले, तेही सांगितले पाहिजे. आमची पेढी तीन भावांची. पुढच्या पिढीत सहा हिस्से होतात. त्यांतील दोघेच बाजारात उतरतात. गेल्या दिवाळीपासून परगावच्या एका गुंतवणूकदाराने निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्याची बोलणी लावली आहेत. रक्कम चांगली आहे. पुतण्यांस घाई आहे, आणि त्यांची घाई अगदीच अनाठायी आहे असेही आम्ही म्हणू शकत नाही. वखारीस छप्पर नवे हवे, गाडी जुनी झाली आहे. आम्ही त्या गृहस्थांस एकच प्रश्न विचारला की ज्वारीचा भाव पडला तर ते दोन हंगाम थांबतील काय. त्यांनी उत्तर म्हणून आकड्यांचे एक सुरेख बांधलेले पुस्तक पाठविले. आम्ही ते वाचीत आहोत. होकार वा नकार अद्याप दिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात नातू आमच्याकडे बेळगावास आला. आता तो थोरल्या मुलांच्या विजेच्या गाडीपर्यंत पोहोचला आहे. त्याच्या एका मित्राकडे दुसऱ्या कंपनीची दोन रुळांची गाडी होती. दोघांनी मिळून खेळावयाचे ठरविले, आणि नातवाचा मालडबा मित्राच्या रुळावर ठेवताच सर्व बंद पडले. "आजोबा, अंतर तर साडेसोळाच आहे, मग हा का चालत नाही?" आम्ही डबा उलटा करून पाहिला. मेर्कलिनच्या डब्याची दोन्ही चाके धातूच्या कण्याने एकमेकांस जोडलेली असतात. तिच्या पद्धतीत त्याने काही बिघडत नाही, दुसऱ्या पद्धतीत मात्र एका रुळाची वीज दुसऱ्यास भिडते. मुलाने चौकशी केली, तेव्हा असे समजले की मध्ये विजेस अडविणाऱ्या बदली चाकांच्या जोड्या विकत मिळतात. दोन जोड्या मागविल्या. जुनी चाके बोटांनी ओढून काढली, नवी बसविली आणि डबा दुसऱ्या रुळावर गेला. मिरजेस ह्याच कामाला हमालांची टोळी आणि अख्खा दिवस लागे. येथे दहा मिनिटे लागली, आणि एक दाणाही सांडला नाही. काढलेली चाके नातवाने आमच्या गल्ल्यात ठेवली आहेत, परत लागतील म्हणून.